'यूझ'चं माहेर

रविवारी दुपारी, म्हणजे सांगलीत सकाळचा चहा चालू असताना, आमचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल असतो. मुलगा सहावीत आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी त्यानं आजी-आजोबांना विचारलं, "सो, आर यूझ कमिंग इन डिसेंबर?"

आजीनं विचारलं, "यूझ म्हंजे काय रे?"

"म्हणजे तुम्ही. तुम्ही दोघं."

"मग बरोबर आहे की. यू म्हंजे तू, आन् यूझ म्हंजे तुम्ही."

मी मागून ओरडणार होते, ती थांबले. 'यूझ' हा शब्द मेलबर्नच्या उत्तरेकडच्या उपनगरांत सर्रास ऐकू येतो आणि बरी इंग्रजी बोलणारी माणसं तो ऐकून नाक मुरडतात. मीही मुरडत आले. इंग्रजी शाळेत आमच्या बाईंनी पक्कं करून घेतलं होतं की यू म्हणजे एकही आणि अनेकही, पुढे एस लावायचा नाही. पण सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं माझी पंचाईत केली. इंग्रजीत एक भोक आहे, तू आणि तुम्ही यांतला फरक दाखवायला तिच्यात शब्द नाही. माझ्या मुलाला ते भोक जाणवलं होतं आणि शाळेच्या मैदानावर त्याला ते बुजवणारा शब्द सापडला होता. तो शब्द आला कुठून, हे मी शोधायला बसले.

तो आला आयर्लंडहून. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ आयरिश इंग्रजीत सांगतात. आयरिश भाषेत, म्हणजे इंग्रजीच्या आधी त्या बेटावर जी बोलली जायची त्या गेलिक भाषेत, एकाला 'तू' म्हणतात आणि अनेकांना 'शिव'. हो, 'तू'च. उच्चारही जवळपास आपलाच. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणूस इंग्रजी बोलायला लागला तेव्हा त्याला 'शिव'ची जागा रिकामी दिसली आणि त्यानं 'यू'ला अनेकवचन करून टाकलं. मग तो बोटीत बसून इकडे आला.

आणि तो फार लांब गेला नाही. आमच्या क्रेगीबर्नचं नाव स्कॉटिश आहे, पण इथे मेट्रोची लाइन संपते आणि पुढे सीमोरकडे जाणारी गाडी पकडली की पहिलंच स्टेशन लागतं डॉनीब्रुक. डॉनीब्रुक हे डब्लिनच्या एका भागाचं नाव. तिथल्या जत्रेत इतक्या मारामाऱ्या व्हायच्या की इंग्रजीत 'डॉनीब्रुक' म्हणजे हाणामारी असाच अर्थ झाला. आणखी पुढे किलमोर, म्हणजे आयरिशमध्ये 'मोठं देऊळ'. आणि या दोन्हींच्या मधे, आमच्या घरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, बेव्हरिज. तिथे केली स्ट्रीटवर एक बसकं घर अजून उभं आहे, आयरिश खेड्यातल्या घरांच्या वळणाचं. जॉन केली नावाच्या माणसानं ते १८५९ मध्ये बांधलं. हा टिपररीचा. दोन डुकरं चोरली म्हणून सात वर्षांची शिक्षा होऊन बोटीनं टास्मानियात आला, शिक्षा भोगून मेलबर्नला आला, अँट्रिमहून आलेल्या एलन क्विन नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. त्यांचा थोरला मुलगा १८५४ च्या अखेरीस जन्मला असं धरतात. तोच नेड केली. ऑस्ट्रेलियात राहून ज्याचं नाव ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही.

नेड केलीला हीरो म्हणावं की खुनी, हा वाद इथे अजून चालू आहे आणि मी त्यात पडणार नाही. त्याच्या टोळीनं १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये तीन पोलीस मारले, हे खरंच आहे. माझं कुतूहल त्याच्या भाषेबद्दल आहे. त्यासाठी आधी आयर्लंडकडे जायला हवं.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणं झाल्यावर, मराठीचं काय होणार हा विषय निघाला की कोणीतरी एक जण हमखास म्हणतो, "आयर्लंड बघा. भाषा गेली, पण आयरिश माणूस आयरिशच राहिला ना?" यात दिलासा असतो. म्हणजे पोरांना मराठी आली नाही तरी ती मराठीच राहतील. फेटा बांधतील, ढोल वाजवतील, पुरणपोळी खातील. मीही बरीच वर्षं यावर मान हलवत होते.

पण ती भाषा गेली कशी ते बघा. १८३१ मध्ये तिथे सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या आणि शिकवणं इंग्रजीत. १८४५ ते १८५२ बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. सगळ्यात जास्त मेले आणि गेले ते पश्चिमेकडचे आणि दक्षिणेकडचे गरीब शेतकरी, म्हणजे नेमके आयरिश बोलणारे. १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. चाळीस वर्षांनी, १८९१ मध्ये, तो आकडा ७ लाखांच्याही खाली आला होता. जे उरले त्यांनी हिशेब केला: पोरगं जगवायचं तर बोटीत बसवायचं, आणि बोटीत बसवायचं तर इंग्रजी हवी.

या हिशेबाचं एक हत्यार होतं, 'बाता स्कोर', खुणांची काठी. पोराच्या गळ्यात दोरीनं एक काठी अडकवायची. घरात आयरिश शब्द तोंडातून गेला की आईबापांनी काठीवर एक खाच पाडायची. शाळेत मास्तर खाचा मोजणार आणि तितक्या छड्या देणार. ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड यांनी आयर्लंडच्या पश्चिमेला असा प्रसंग स्वतः बघून लिहून ठेवला आहे. मुलावर जीव असलेला बापच खाच पाडत होता. इंग्रज शिपाई कुठे आसपासही नव्हता.

हे वाचलं तेव्हा माझी नजर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेली. तिथे लोणच्याची एक रिकामी बरणी होती. घरात इंग्रजी शब्द बोलला की २० सेंट त्यात टाकायचे, असा नियम मी तीन वर्षांपूर्वी केला होता. माझा हेतू उलटा होता, मान्य. तिकडे आपली भाषा काढायला काठी, इथे आपली भाषा राखायला बरणी. पण गळ्यातली काठी आणि ओट्यावरची बरणी, दोन्हींत मोजला जात होता तो पोराचा शब्दच. त्या बरणीचं पुढे काय झालं ते नंतर सांगते.

आयरिश माणसाची भाषा गेली, पण त्याच्या जिभेला लागलेली वळणं गेली नाहीत. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना सुटे शब्दच नाहीत. जेवलास का म्हटलं की जेवलो किंवा नाही जेवलो असं क्रियापदानंच उत्तर द्यायचं. म्हणून आयरिश माणूस इंग्रजीतही नुसतं येस म्हणून थांबत नाही. एखादी गोष्ट नुकतीच घडली असेल तर तो म्हणतो, 'आय ॲम आफ्टर ब्रेकिंग द कप'. इंग्रज माणसाला वाटतं हा कप फोडायच्या मागे आहे. पण तो फोडून बसलेला असतो. आणि मला सगळ्यात आवडलेलं: आयरिशमध्ये 'मी भुकेला आहे' असं नसतं. 'ता ओक्रस ओरम', म्हणजे भूक माझ्यावर आहे. आपल्याकडे भूक लागते, त्यांच्याकडे ती येऊन बसते. पण दोन्हीकडे माणूस आणि भूक ही दोन वेगळी असतात. इंग्रजीत 'आय ॲम हंग्री' म्हटलं की माणूसच भूक होऊन जातो. ज्या लोकांनी दुष्काळात दहा लाख माणसं घालवली त्यांच्या व्याकरणात भूक बाहेरून येणारी असावी, यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते. अर्थात व्याकरण दुष्काळाच्या कितीतरी आधीचं आहे, हेही खरं.

आता नेड केलीचं पत्र. १८७९ च्या फेब्रुवारीत टोळीनं न्यू साउथ वेल्समधलं जेरिल्डरी नावाचं गाव ताब्यात घेतलं, बँक लुटली. नेडजवळ एक हस्तलिखित होतं, सुमारे ८,००० शब्दांचं, ५६ पानांचं. त्यानं सांगितलेलं आणि त्याचा साथीदार जो बर्न यानं लिहून घेतलेलं. ते छापून घ्यायचं म्हणून नेड गावातल्या छापखानेवाल्या संपादकाला शोधत होता, पण संपादक आधीच पळाला होता. बँकेच्या हिशेबनिसानं ते पोचवतो म्हणून ठेवून घेतलं आणि छापू दिलं नाही. ते पूर्ण छापून यायला १९३० साल उजाडलं.

ते पत्र मी वाचलं. जवळजवळ विरामचिन्हं नाहीत. माणूस एका दमात बोलतोय, धापा टाकतोय, शिव्या देतोय. पोलिसांना शिव्या देताना एकाच फटक्यात वॉम्बॅटच्या डोक्याची उपमाही येते आणि आयरिश बेलिफांचा उद्धारही होतो. वॉम्बॅट हा फक्त ऑस्ट्रेलियातला प्राणी. बेलिफ म्हणजे जप्ती घेऊन येणारा, बापाच्या देशातल्या आठवणीतला. आयरिश असून इंग्रज राणीची नोकरी करणाऱ्या पोलिसाला तो सांगतो की तू शॅमरॉकशी, म्हणजे आपल्या त्या तिपानी खुणेशी, बेइमान झालास. हे लिहिणाऱ्यानं आयर्लंड कधी पाहिलं नव्हतं. तो बेव्हरिजचा. हा राग बापाच्या, आईच्या, मामांच्या तोंडून आलेला. आमच्याकडे शिवजयंतीला रायगड कधीही न पाहिलेली पोरं ज्या जोरात घोषणा देतात, त्याची मला इथे आठवण झाली.

आणि गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी, ती पुढे आहे. मेलेले तिन्ही पोलीस आयर्लंडमध्ये जन्मलेले. नेडला फाशी सुनावणारा न्यायाधीश रेडमंड बॅरी हा कॉर्कचा. ११ नोव्हेंबर १८८० ला नेडला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी झाली आणि बारा दिवसांनी बॅरीही वारला. याच बॅरीनं मेलबर्नचं सार्वजनिक वाचनालय उभं करण्यात पुढाकार घेतला होता. आज ते व्हिक्टोरियाचं राज्य ग्रंथालय आहे आणि त्याच्या दारात बॅरीचा पुतळा आहे. नेडचं ते पत्र २००० सालापासून त्याच ग्रंथालयात आहे. त्याचं लोखंडी चिलखतही तिथेच. न्यायाधीश बाहेर उन्हात, आरोपी आत वातानुकूलित कपाटात.

त्याच वर्षी, २००० मध्ये, पीटर कॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाची 'ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग' ही कादंबरी आली आणि पुढच्या वर्षी तिला बुकर मिळालं. कॅरी बॅकस मार्शचा, म्हणजे आपल्याच राज्यातला, पण तेव्हा राहत होता न्यूयॉर्कला. जेरिल्डरीचं पत्र त्यानं तरुणपणी वाचलं होतं आणि तो आवाज त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. पूर्ण कादंबरी नेड स्वतः सांगतो, स्वल्पविराम नसलेल्या भाषेत. सांगतो कोणाला? आपल्या मुलीला, जिला तो कधीच भेटणार नाही. ही मुलगी कॅरीनं कल्पिलेली, पण माझ्या मते कादंबरी उभी आहे ती तिच्यावर. बाप पोरीला सांगतोय की तुला लोक माझ्याबद्दल त्यांच्या भाषेत सांगतील, त्याआधी माझ्या भाषेत ऐक. आई पोरांना कूहुलिन या आयरिश वीराच्या कथा सांगते. पण सांगते इंग्रजीत. कथा बोटीतून आली, भाषा वाटेत राहिली, आणि उरली ती वाक्याची चाल. ऑस्ट्रेलियानं या कादंबरीला आपल्या राष्ट्राची कादंबरी म्हणून डोक्यावर घेतलं. म्हणजे राष्ट्राचा आवाज म्हणून जो निवडला गेला, तो शाळेत लाल शाईनं खोडला जाणारा आवाज होता. माझ्या मुलाच्या 'यूझ'सारखा.

इथे एक गोष्ट राहून जाऊ नये. केलींनी घर बांधलं ती जमीन वुरुंजेरी लोकांची होती, आणि क्रेगीबर्नजवळून वाहणाऱ्या मेरी क्रीकच्या नावात त्यांच्या वॉइवुरुंग भाषेचा एक शब्द उरला आहे. जमिनीवरून हुसकलेले आयरिश इथे दुसऱ्याच्या जमिनीवर आले. आपणही त्याच जमिनीवर प्लॉट घेतला आहे. नेडच्या ८,००० शब्दांत या दुःखाला जागा नाही.

तर मंडळात म्हणतात ते खरं का? आयरिश माणूस भाषेशिवाय आयरिश राहिला का? हो. पण सुखानं राहिला का, ते त्यांच्याच लेखकांना विचारावं. १९२२ मध्ये त्यांचं स्वतःचं राज्य झालं, १९३७ च्या घटनेनं आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली, आणि १९७३ पर्यंत आयरिशमध्ये नापास झालं तर शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते, तसं त्यांचं साहित्य त्या जागी जात राहतं.

ह्यूगो हॅमिल्टन या कादंबरीकाराचं 'द स्पेकल्ड पीपल' (२००३) हे आठवणींचं पुस्तक माझ्या हातात पडलं, ते त्या बरणीच्या दिवसांतच. आई जर्मन, बाप कट्टर आयरिश. बापानं घरात इंग्रजीला बंदी घातलेली. डब्लिनसारख्या शहरात, जिथे रस्त्यावर सगळे इंग्रजी बोलतात, तिथे. पोरांनी बाहेरून इंग्रजी शब्द घरात आणला की मार. बापानं स्वतःचं आडनावसुद्धा बदलून आयरिश करून घेतलं. हा बाप दुष्ट नाही. आपल्या भाषेचं जे झालं ते पोरांच्या बाबतीत होऊ नये, एवढंच त्याला वाटतं. आणि त्या घरात वाढलेल्या मुलानं मोठेपणी हे पुस्तक लिहिलं इंग्रजीत. बापाची तळमळ जगापर्यंत पोचली ती बापानं बंदी घातलेल्या भाषेतून. मी ते पुस्तक रात्री एक वाजता संपवलं आणि सकाळी बरणी धुऊन तिच्यात मेथीदाणे भरले.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यानंतर आमच्या घरातली इंग्रजी वाढली. बरणी वाईट होती, पण ती कुचकामी नव्हती.

कोल्म टोइबीनच्या 'ब्रुकलिन'मध्ये (२००९) एक प्रसंग आहे, तो आपल्या लोकांनी वाचावा असा आहे. १९५० च्या दशकातलं न्यूयॉर्क. चर्चच्या हॉलमध्ये नाताळचं जेवण, ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्या आयरिश मजुरांसाठी. वाढपाला नुकतीच आयर्लंडहून आलेली मुलगी, आयलिश. जेवणानंतर त्यातला एक जण उभा राहतो आणि आयरिशमध्ये गाणं म्हणतो. सगळी कादंबरी इंग्रजीत, सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत, आणि भाषा येते ती एवढीच, एका गाण्यापुरती, आणि हॉल शांत होतो. आमच्या गणपतीत आरतीला हेच होतं. वर्षभर एकमेकांशी इंग्रजीत बोलणारी पोरं टाळ्या वाजवत तोंडपाठ आरती म्हणतात, घालीन लोटांगणाला गरागरा फिरतात, आणि मग प्रसादाच्या रांगेत पुन्हा इंग्रजी. मला पूर्वी हे बघून भरून यायचं. हल्ली त्या म्हाताऱ्याची आठवण होते. भाषा फक्त हॉलमध्ये, फक्त सणाला आणि फक्त चालीवर जिवंत असेल, तर ती कुठवर आली आहे ते आयरिश वाचकाला सांगावं लागत नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये तर दोन्ही बाजू इंग्रजीच बोलतात. म्हणून ओळख सुटली असं झालं नाही; उलट बारीकसारीक गोष्टींवर तिचा भार पडला. ॲना बर्न्सच्या 'मिल्कमन'मध्ये (२०१८ चं बुकर) मुलांना कोणती नावं ठेवायची नाहीत याची वस्तीत यादी असते. लोणी आणि चहासुद्धा या बाजूचे किंवा त्या बाजूचे असतात. एच या अक्षराला कोणी 'एच' म्हणतो की 'हेच', यावरून तिथे माणसाचा धर्म ओळखत. इथे ऑस्ट्रेलियात 'हेच' आलं ते आयरिश कॅथलिक शाळांमधून, अशी समजूत आहे. माझा मुलगा 'हेच' म्हणतो. मी 'एच' म्हणते. आमच्यात अजून दंगल झालेली नाही.

आपल्याकडची गोष्ट उलट्या बाजूनं सुरू होते. त्यांना राज्य मिळालं तोवर भाषा हातची गेली होती. आपल्याला भाषा होती म्हणून राज्य मिळालं. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या आणि १ मे १९६० ला ते झालं. त्यामुळे मराठी कादंबरीला भाषेची जागा रिकामी असण्याचं दुःख फारसं माहीत नाही. माहीत होतं ते किरण नगरकरांना, असं मला वाटतं. शाळा इंग्रजीतली, मराठीत शिक्षण झालं ते फक्त सुरुवातीची चार वर्षं. तरी १९७४ मध्ये 'सात सक्कं त्रेचाळीस' ही पहिली कादंबरी लिहिली मराठीत, आणि तीही अशी मोडून-तोडून लिहिलेली की मराठी वाक्य तसं वाकू शकतं हे लोकांना माहीत नव्हतं. पुढे 'रावण अँड एडी' आणि 'ककोल्ड' त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. 'ककोल्ड'ला २००० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण मराठीतल्या लोकांनी आपल्याला परकं केलं ही खंत ते बोलून दाखवत. 'रावण अँड एडी'तली माझगावची चाळ वाचा. एका मजल्यावर हिंदू, एका मजल्यावर गोव्याचे कॅथलिक, आणि त्यांच्यामधली खरी भिंत आहे ती इंग्रजी येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची. ही चाळ इंग्रजीत आहे, पण ती इंग्रजी लंडनची नाही. ती जिन्यावरून खाली येते, नळावर भांडते. आयरिश लेखकांनी पिढ्यान्पिढ्या इंग्रजीचं जे केलं ते नगरकरांनी एकट्यानं करून बघितलं. त्यांना आपण गद्दार ठरवण्याची घाई केली, असं माझं मत आहे.

म्हणून मंडळातल्या त्या गृहस्थांना मला सांगायचं आहे की आयर्लंडचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. त्या लोकांकडे लाखांनी माणसं होती, स्वतःचं चर्च होतं, एकत्र भोगलेला दुष्काळ होता, आणि ती एका ठिकाणी दाटीनं राहत होती. एवढ्या गर्दीनं मिळून इंग्रजी वाकवली, तेव्हा 'यूझ' झालं, तेव्हा केलीचं पत्र झालं. आपण क्रेगीबर्नमध्ये किती, टारनीटमध्ये किती? आपली पोरं वाकवतील ती इंग्रजी कोणाची? कदाचित पंजाबी पोरांबरोबर मिळून वाकवतील, कारण मैदानावर ती जास्त आहेत. आणि एक टोचणारी गोष्ट. त्यांची भाषा भुकेनं नेली. आपली चालली आहे ती भरल्या पोटी, दोन गाड्यांच्या गॅरेजमधून.

गेल्या महिन्यात शाळेच्या सुट्टीत मुलाला घेऊन बेव्हरिजला गेले. कुंपणाबाहेरूनच घर पाहिलं. एवढुशा घरात आठ-दहा माणसं कशी राहायची, असं त्याला वाटलं. मग विचारलं, "ते घरात कुठली लँग्वेज बोलायचे?" बापाच्या टिपररीत त्या काळी आयरिश बोलणारी माणसं पुष्कळ होती, एवढं मी सांगितलं. व्हॅल नून या इतिहासकारानं 'हिडन आयर्लंड इन व्हिक्टोरिया' या पुस्तकात दाखवून दिलं आहे की या राज्यात आलेल्या आयरिश लोकांत ही भाषा बोलणारे आपण समजतो त्याहून बरेच होते, फक्त त्यांची नोंद कोणी नीट ठेवली नाही. हे त्याला किती कळलं कोण जाणे. तो गवतात खडे मारत होता.

परतीच्या वाटेवर फ्रीवेला लागायच्या आधीच तो म्हणाला, "आई, मला हंग्री झालंय."

शब्द इंग्रजी, पण 'मी हंग्री आहे' असं तो म्हणाला नव्हता. भूक अजून त्याला लागलेलीच होती. पूर्वीची सवय असती तर मी म्हटलं असतं, भूक लागलीये म्हण, वीस सेंट टाक. मी म्हटलं, "मलापण," आणि कॅलकॅलोच्या पेट्रोल पंपावर गाडी वळवली.